दोन मुठी पीठ

मुलुंड (पूर्व), ४ नोव्हेंबर २०२४

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

आमच्या मागच्या दारी झाल्यात त्या साध्या लाल मुंग्या नाहीत, फायर अँट आहेत. काल संध्याकाळी रुचिरा मॅडमनी भिंगाखाली बघून नक्की सांगितलं. मॅडम आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. काचेच्या बाटलीत चार मुंग्या घेऊन गेल्या आणि तासाभरात खाली आल्या. ही जात मुळात अमेरिकेकडची. शेकडो वर्षांपूर्वी जहाजांतल्या मातीतून फिरत फिरत आपल्याकडे पोचली. चावते ती नुसती धरून राहायला, आणि मग शेपटाकडून डंख मारते, एकदा नाही, पाच-सहा वेळा. नर्सरीतल्या कुंड्यांच्या मातीतून घरोघर जाते म्हणे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी जास्वंद आणली होती ना, तिच्याबरोबरच आली असणार.

भाऊबीजेला तुला येऊ नकोस असा निरोप धाडला, कारण सांगितलं नाही. आता सांगते. २७ तारखेला अबोली मागच्या दारी दिवाळीचा किल्ला करत होती. तटबंदीला माती कमी पडली म्हणून जास्वंदीच्या बुडाशी गेली. तिथली माती भुसभुशीत होती, तिने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. ते वारूळ होतं.

आधी नुसती रडली. मग अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. मला म्हणाली, "आजी, गळ्यात काहीतरी अडकलंय." सात वर्षांची पोर, आवाज म्हातारीसारखा झाला होता. सुयोगने तिला उचलून रिक्षात घातलं. नर्सिंग होममध्ये इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास सुटा झाला. डॉक्टर म्हणाले, हिला याची अ‍ॅलर्जी आहे, पुढच्या वेळी एवढासुद्धा वेळ मिळणार नाही.

सुयोग आणि श्रुतिका तिला घेऊन परस्पर घाटकोपरला गेले, श्रुतिकाच्या माहेरी. सुयोग म्हणाला, "आई, मुंग्या गेल्या की येऊ. नाही गेल्या तर तिकडेच जागा बघतो." भांडून बोलला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला.

तू एकतीस वर्षं पेस्ट कंट्रोलमध्ये काढलीस. यांच्याबरोबर अर्ध्या मुंबईत पंप मारत हिंडलास. काय करायचं ते लिही. फोनवर तुला ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या बिल्डिंगला सांगायचं, म्हणून पत्र.

किल्ला अजून तसाच आहे, अर्धा. मावळ्यांच्या पायातून मुंग्या जातात. मोडायचा कसा, हातच लावता येत नाही.

तुझी,
रत्नप्रभाताई


गोराई, ९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

पत्र काल होडीवरच हातात मिळालं. पोस्टमन मला ओळखतो आता, वाडीपर्यंत येत नाही, होडीवर बसलो की तिथेच देतो. खाडी ओलांडेपर्यंत दोनदा वाचलं.

तू एवढी घाबरू नकोस. मुंगी अमेरिकेची असो की आपल्या कणकवलीची, औषधापुढे सगळ्या सारख्या. भावजी आणि मी एका दुपारी अख्खी बिल्डिंग साफ करायचो, तळमजल्यापासून टाकीपर्यंत. धोंडिराम आठवतो ना, आमच्याबरोबर होता तो? त्याची स्वतःची एजन्सी आहे आता, भांडुपला. त्याला सांगितलंय. गुरुवारी पंप घेऊन येईल. वारूळ उकरून आत नळी घालायची, औषध सोडायचं, वरून उकळतं पाणी. विषय संपला.

मी स्वतः आलो असतो, पण शेट परदेशी गेलाय आणि चिकू उतरायला आलेत. वाडी सोडता येत नाही.

एक गोष्ट बघून ठेव. मुंगी उगाच कुठे घर करत नाही. जिथे रोजचं खाणं तिथे मुक्काम. मागच्या दारी खरकटं, मांजराची बशी, कुत्र्यांची बिस्किटं, काही पडतं का? असेल तर बंद कर.

अबोलीला सांग, मधूआजोबा किल्ला पुरा करून देतील. आणि यंदाची भाऊबीज माझ्याकडे बाकी आहे. करंज्या राखून ठेव, त्यांना मुंग्या लागू देऊ नकोस म्हणजे झालं.

तुझा,
मधू


मुलुंड, १९ नोव्हेंबर २०२४

चि. मधूस आशीर्वाद.

तुझा विषय संपला नाही. वाढला.

धोंडिराम गुरुवारी आला, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. वास एवढा, की मी दुपारभर धवलच्या आईकडे वर जाऊन बसले. संध्याकाळी मेलेल्या मुंग्यांचा नुसता सडा. मी सुयोगला फोन करून टाकला, म्हटलं रविवारी या. माझीच घाई.

शनिवारी सकाळी चार नवी वारुळं. एक तुळशीपाशी, एक कंपाउंडच्या भिंतीला, एक पाण्याच्या मीटरजवळ आणि एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून. आधी एक होतं, मधू. सुयोगला परत फोन करावा लागला. तो "बरं" एवढंच म्हणाला. मागून अबोली विचारत होती, "आजी, आज नाही का?"

रुचिरा मॅडम खाली आल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आजी, हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी तुझं नाव घेतलं नाही. या जातीत एका घरात राण्या बऱ्याच असू शकतात. वरून औषध मारलं की कामकरी मुंग्या मरतात, राण्या खोल जातात, हादरलं घर फुटतं आणि प्रत्येक राणी आपला संसार वेगळा थाटते. उकळत्या पाण्याचंही तेच. म्हणजे आपण त्यांच्या वाटण्या करून दिल्या.

मॅडम म्हणतात, त्यांना मारायला जायचं नाही, खायला घालायचं. मक्याच्या कण्यांना तेल लावून त्यात सावकाश भिनणारं औषध घातलेलं मिळतं. कामकरी मुंग्या ते खाऊ समजून घरात नेतात, राणीला भरवतात. महिना-दीड महिना लागतो. तुझ्या धंद्यात हे नव्हतं का रे कधी?

खाण्याचं विचारलंस. इकडे काही पडत नाही. माझं घर तुला माहीत आहे.

सुयोगने घाटकोपरला दोन जागा बघितल्या.

तुझी,
ताई


गोराई, २३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

मॅडमचं बरोबर आहे. दोन दिवस मान्य करायला गेले, म्हणून उत्तराला उशीर. आमच्या शेवटच्या वर्षांत ते कण्यांचं औषध आलं होतं. साहेबांनी पाकिटं दाखवली होती, आम्ही हसलो होतो. गिऱ्हाइकाला समोर काहीतरी मरताना दिसायला पाहिजे, नाहीतर तो म्हणतो काम झालं नाही. आम्ही पंप मारायचो, तीन महिन्यांनी परत बोलावणं यायचं, परत मारायचो. आम्हाला वाटायचं मुंबईच्या मुंग्या चिवट.

धोंडिरामबरोबर एक पाकीट पाठवतोय. नीट वाच आणि तसंच कर, मध्ये स्वतःची अक्कल नको.

वारुळाला काठी लावायची नाही. उकळतं पाणी, रॉकेल, फवारा, खडू, सगळं बंद. त्यांना वाटलं पाहिजे की सगळं ठीक चाललंय. जमीन कोरडी असताना टाकायचं, पाणी लागलं की औषध फुकट. वारुळाच्या डोक्यावर टाकायचं नाही, दीड-दोन हात लांब, भोवताली. हाताने टाकायचं नाही, चमच्याने, आणि पायात बूट. तुझी ती स्लिपर नको.

आधी एक परीक्षा घ्यायची. बटाट्याचा वेफर ठेवायचा आणि अर्धा तास बघायचं. मुंग्या चढल्या तर त्या भुकेल्या आहेत, लगेच औषध टाक. नाही चढल्या तर थांब, दुसऱ्या वेळी बघ.

भावजी असते तर या वेफरवरून आठवडाभर टिंगल केली असती. "मधग्या, मुंग्यांका आता चाय पण विचार," म्हणाले असते.

सुयोगला सांग, दीड महिना दे म्हणावं. जागा काय पळून जात नाहीत.

मधू


मुलुंड, २ डिसेंबर २०२४

चि. मधूस आशीर्वाद.

तीनदा वेफर ठेवला. तीनदा तसाच राहिला. एक-दोन मुंग्या आल्या, हुंगलं आणि गेल्या. माझ्या हातचं कधी कोणी असं टाकलं नव्हतं.

तरी मी औषध टाकलं, तू म्हणालास तसं चमच्याने, लांबून, यांचे जुने बूट घालून. सकाळी कण्या होत्या तिथे होत्या. दुसऱ्या दिवशी चिमण्या येतील म्हणून मी झाडून पिशवीत बांधल्या. पाकीट अर्धं संपलं. उंबऱ्याजवळचं वारूळ वीतभर झालंय. दिवसा मी मागचं दार उघडत नाही. स्वयंपाकघरात सारखं वाटतं पायावर काहीतरी चढतंय. बसले की उठते, उठले की खाली बघते.

अबोलीच्या शाळेची बस घाटकोपरहून सुरू करायचं ठरलंय. सुयोगने जागा पक्की केली, अकरा महिन्यांची. करारावर २० तारखेला सह्या. श्रुतिका फोनवर म्हणाली, "आई, तुम्हीपण या ना तिकडे." पोरगी मनाने चांगली आहे. पण तिथे माझ्या वाटणीला हॉलमधला दिवाण. आणि हे घर, यांनी दोन-दोन शिफ्ट करून घेतलेलं, मुंग्यांना देऊन जाऊ?

औषध खराब आहे का बघ. नाहीतर तुझी मुंगीच शहाणी आहे.

ताई


गोराई, ६ डिसेंबर २०२४

ताई,

औषध खराब नाही. मी त्याच खोक्यातलं इथे वाडीत काळ्या मुंग्यांना टाकून बघितलं, दहा मिनिटांत उचललं.

कोरड्या हवेत, ऐन सीझनमध्ये वेफरला मुंगी लागत नाही, याचा अर्थ एकच. पोट भरलेलं आहे. ओकारी येईस्तोवर भरलेलं. तुझ्या मागच्या दारी कोणीतरी रोज पंगत घालतंय.

आणि मला कळलंय कोण. पहिल्या मजल्यावरची धवलची आई. भावजींच्या दहाव्याला मी तुझ्याकडे होतो तेव्हा बघितलं होतं, बाई नारळाला भोक पाडून त्यात पीठ-साखर-तूप भरत होती. विचारलं तर म्हणाली, मुंग्यांसाठी, झाडाखाली ठेवायला, पुण्य लागतं. तिचं पुण्य होतंय आणि आपल्या नातीचा जीव जातोय.

तू भिडेपोटी बोलणार नाहीस, म्हणून मीच तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र टाकलंय. नावासकट. राग आला तर येऊ दे. वीस तारीख जवळ आली.

मधू


मुलुंड, १० डिसेंबर २०२४

चि. मधू,

तू लिहायच्या आधी मला विचारायला हवं होतंस. आणि मी तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हणजे दोघं सारखेच.

रविवारी सेक्रेटरीने धवलच्या आईला ऑफिसमध्ये बोलावलं. चार माणसांसमोर तुझं पत्र वाचलं. ती नुसती मान खाली घालून बसली आणि म्हणाली, आता नाही टाकणार. तिने आमच्या अंगणात कधी काही टाकलेलं नाही, मधू. ती नारळ स्टेशनजवळच्या बागेत नेऊन ठेवते. तिला ठाऊक होतं कोण टाकतं, आणि तिने माझं नाव घेतलं नाही.

मी टाकते. रोज पहाटे साडेपाचला, दूध यायच्या आधी. गव्हाचं पीठ भाजून, साखर आणि चमचाभर तूप घालून. जास्वंदीच्या बुडाशी. दोन वर्षं झाली.

यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या पहाटा तू बघितल्या नाहीस, तू दिवसा यायचास. पहाटे हे जागे व्हायचे आणि चादरीवरून मुंग्या झटकायचे. चादर स्वच्छ, मी स्वतः इस्त्री केलेली. मला म्हणायचे, "रत्ना, बघ किती आल्या. सगळ्या आल्या." मी पण झटकायला लागायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून. तसेच गेले. मला वाटलं, जन्मभर ज्यांना मारलं त्या न्यायला आल्या. धवलच्या आईला सांगितलं तेव्हा तिने हा उपाय सांगितला. मनाला आधार झाला.

अबोली नर्सिंग होममध्ये होती तेव्हासुद्धा मी बंद केलं नाही. उलट जास्त घातलं. वाटलं, कमी पडलं म्हणून कोपल्या. पंप मारून झाल्यावर तर पाचही ठिकाणी घातलं. तू औषध पाठवायचास, मी संध्याकाळी ते टाकायचे आणि पहाटे पीठ. आता लिहिताना दिसतंय मला मी काय करत होते. करताना दिसत नव्हतं.

माती भुसभुशीत होती कारण मीच खाऊ घालून घालून ते वारूळ पोसलं होतं. पोरीने हात घातला तो माझ्या पुण्यात.

परवा अबोलीने फोनवर हळूच विचारलं, "आजी, त्यांना अजून खाऊ देतेस?" ती खिडकीतून रोज बघायची. बापाला एका शब्दाने बोलली नाही. सात वर्षांच्या पोरीला मी माझं गुपित राखायला लावलं.

एक राहिलं. मी रोज दोन मुठी घालते. एक यांच्या नावाने. दुसरी तुझ्या.

ताई


गोराई, १२ डिसेंबर २०२४

ताई गो,

पत्र आज दुपारी मिळालं, आत्ताच उत्तर लिहून होडीवाल्याकडे देतो, तो बोरिवलीला टाकेल.

भावजींचं. त्यांना मुंग्या दिसत होत्या हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. रक्त खराब झालं की माणसाला असं दिसतं, कोणाला साप दिसतात, कोणाला पाणी. जन्मभर मुंग्याच बघितल्या, त्यांना दुसरं काय दिसणार? शिंप्याला सुया दिसल्या असत्या. आजाराचं लक्षण समोर असून तू नुसती बघत बसलीस असं तुला वाटेल, म्हणून मी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता माझं ऐक. मी गोराईला हवा चांगली म्हणून आलो नाही. डॉक्टरांचं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला पंप उचलवेना. हात लागला की अंगाला खाज सुटायची. निवृत्तीच्या वर्षभर आधी नोकरी सोडली. तुला सांगितलं निवृत्त झालो. मागच्या महिन्यात धोंडिरामला पाठवला, मी आलो नाही, त्याला चिकू हे निमित्त होतं. शेट इथेच आहे. म्हणजे तू पीठ घालत होतीस आणि मी पळत होतो, एकाच गोष्टीपासून.

तुझी दुसरी मूठ मला पोचली, असं समज. आता ती बंद कर. माझं मी बघीन.

धवलच्या आईला माफीचं पत्र वेगळं लिहिलंय. सेक्रेटरीलाही, चूक माझी आहे असं. त्यात तुझं नाव नाही.

आता काम. तू वाईट केलंस त्यातच सोय झाली. त्या मुंग्या दोन वर्षं साडेपाचला त्याच जागी येतात. असं ठिकाण पेस्ट कंट्रोलवाल्याला शोधून मिळत नाही. पीठ आजपासून बंद. निदान तीन दिवस काही नाही, एक कणसुद्धा नाही. मग तुझ्याच वेळेला, तुझ्याच जागी औषध. तुझं उघडं पाकीट वापरू नकोस, तेल शिळं झालं की त्या खात नाहीत. मॅडमना सांगून नवं, बंद आण.

पण ते तू टाकू नकोस. ज्याला रोज भरवलं त्याच्या ताटात विष घालणं तुला जमणार नाही, आणि मला तुला ते करायला लावायचं नाही. मी रविवारी २२ ला येतो. पहिल्या होडीने निघून नाही जमणार, शनिवारीच मुक्कामाला येतो. हात माझा लागू दे. सवयीचा आहे.

तुझा,
मधू


मुलुंड, १८ डिसेंबर २०२४

चि. मधूस आशीर्वाद.

आज पहाटे औषध टाकलं. मीच टाकलं. रागावू नकोस.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारपासून पीठ बंद केलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दार किलकिलं करून बघितलं तर जास्वंदीखाली सगळी जमीन हलत होती. वाट बघत होत्या. काल उंबऱ्यावर आल्या, दाराच्या फटीतून आत, ओट्याखालपर्यंत. मी खुर्चीवर पाय घेऊन बसले. एवढी वर्षं मी समजत होते त्या मला ओळखतात. काल त्यांनी माझ्या पायालाही डंख केला. तीन. आग आग झाली, मग पिवळे फोड. अबोलीला किती झाले असतील ते त्या तीनांवरून कळलं.

तू रविवारी येणार होतास, पण तोवर चार दिवस त्या उपाशी हिंडणार, कुठे कुठे जाणार, वर लहान मुलं आहेत. आणि दुसरं असं, की हात माझाच पाहिजे होता. तू सवयीचा म्हणतोस, पण तुझी सवय मोडली हे तूच लिहिलंस. ती परत कशाला लावून घ्यायची? एवढ्यासाठी मी दोन वर्षं मूठ घातली नाही.

यांचे बूट घातले, हातमोजे घातले, चमचा घेतला. रुचिरा मॅडम शेजारी उभ्या होत्या. पंधरा मिनिटांत एक कण शिल्लक नव्हता. डोक्यावर घेऊन ओळीने गेल्या. लग्नाला निघाल्यासारख्या. मी उभी राहून बघितलं सगळं, तोंड फिरवलं नाही.

मग आंघोळ केली आणि सुयोगला फोन केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. अबोलीला ठाऊक होतं हेसुद्धा. तो म्हणाला, "बाबांच्या नावाने?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "आई, परवा सह्या आहेत. त्या मी करणार आहे." मी म्हटलं, कर. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचा हक्क मला नव्हता.

सेक्रेटरीला सगळ्यांसमोर खरं सांगून आले. धवलची आई माझ्यावर रागावली, म्हणाली, "मी एवढी गप्प बसली ते फुकट गेलं ना."

तू रविवारी तरीही ये. करंज्या शिळ्या झाल्या, नव्या करते.

ताई


गोराई, ३ जानेवारी २०२५

ती. ताईस नमस्कार.

त्या रविवारी तुझ्याकडून निघताना बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून हे चार शब्द. तू विचारलंस, आता पहाटे हात मोकळा राहतो, ती मूठ कुठे टाकू. मी वाडीत बघितलं. आंब्यावर हुमले आहेत, आपल्या घरच्या कलमावर असायचे तेच, पानं शिवून घर करणारे लाल मुंगळे. ते आंब्यावरची कीड खातात, म्हणून आबा त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. पण तुझं पीठ त्यांच्या कामाचं नाही. ते मासळीचं डोकं मागतात, आपल्या जातीचे आहेत.

तेव्हा मूठ तूर्त डब्यातच राहू दे. पोळ्या कर.

पहिल्या औषधाने सगळं जात नाही हे लक्षात ठेव. भिंतीजवळच्या वारुळावर नजर ठेव, ते सगळ्यात लांब होतं, त्यांच्यापर्यंत कमी गेलं असेल. परत वेफर, परत औषध. मध्ये कुंडी, माती, खत काही आणायचं नाही. आणलंच तर कुंडी आठवडाभर बाहेर ठेवून, वेफर लावून बघायची.

मधू


मुलुंड, २८ जानेवारी २०२५

चि. मधूस आशीर्वाद.

चार वारुळं मेली. काल रुचिरा मॅडमनी काठीने उकरून बघितलं. रिकामी, आत नुसती भुशी. पाचवं, भिंतीजवळचं, अजून धुगधुगी धरून आहे. १९ तारखेला त्याला दुसऱ्यांदा औषध दिलं, तेव्हापासून मुंग्या विरळ झाल्यात, पण आहेत. मॅडम "गेल्या" असं म्हणत नाहीत. म्हणतात, शेजारच्या कंपाउंडमधून परत येऊ शकतात, उन्हाळ्यात पंखवाल्या राण्या उडून येतील, म्हणून महिन्यातून एकदा वेफर ठेवायचाच, जन्मभर. मी म्हटलं, ठेवीन. नाहीतरी मला पहाटे उठायला काहीतरी हवंच असतं.

सुयोग नव्या जागेत गेला. अकरा महिन्यांचा करार आहे, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत. पुढचं कोणी बोलत नाही, मीही विचारत नाही. अबोलीची बस तिकडूनच सुरू झाली. इकडे तिची पांढरी सायकल जिन्याखाली आहे, ती मी पुसते.

किल्ला मोडला. मावळे धुऊन ताटात ठेवलेत. सोळा होते, पंधरा सापडले.

काल रात्री सुयोगचा फोन आला. रविवारी, २ तारखेला, अकरा वाजता अबोलीला घेऊन येतो म्हणाला. दोन तासांसाठी. बूट आणि लांब पँट घालून, इंजेक्शन बरोबर, पुढच्या खोलीतच बसायचं, मागचं दार बंद. शिवाय एक अट घातली त्याने. सकाळी वेफरवर एकही मुंगी दिसली तर मी फोन करून नको म्हणायचं. खरं सांगायचं. म्हणाला, "आई, तुझ्या शब्दावर आणतोय."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज सकाळी वेफर ठेवला तर एक मुंगी आली. एकच. कुठली ते कळलं नाही. मॅडमकडे बाटलीत दिली आहे. त्या संध्याकाळी बघून सांगतील.

रविवारी साडेपाचला मी मागच्या दारी खुर्ची टाकून बसणार आहे, सहापर्यंत. मग फोन, हो किंवा नको. तू शनिवारीच ये. सहा वाजता माझ्याबरोबर बघायला कोणीतरी हवं. माझे डोळे आता त्यांच्या बाजूने चुकतील की अबोलीच्या, मला सांगता येत नाही.

तुझी,
ताई